जमीन विचारून घेतलेली चप्पल

चपलेच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, नंबर काय? दुसरा, कितीपर्यंतची दाखवू? तुम्ही चालता कुठे, तिथली जमीन कसली, हे विचारणारा दुकानदार मला चाळीसगावात भेटला नाही आणि नाशिक-पुण्यातही नाही. रोजच्या वापराची चप्पल असेल तर तेवढ्यावर भागतं. पण पातळ तळाची, सपाट, पट्ट्यांनी पायाला बांधायची सँडल घालून डोंगर चढायचा असेल, पळायचं असेल, तर तो प्रश्न आपणच आपल्याला विचारावा लागतो. पायाचं माप कागदावर पाच मिनिटांत निघतं. जमिनीचं माप काढायला एक उन्हाळा आणि एक पावसाळा तरी हातात लागतो.

आमच्या खान्देशात तर अर्ध्या दिवसाच्या चालीत जमीन तीनदा बदलते. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात पाय सोडत नाही, आणि चैत्र-वैशाखात इतकी कडक होते की नांगरटीतलं ढेकूळ पायाखाली फुटत नाही, उलट घोटाच मुरगळतो. काळ्या रानातून वर सरकलं की मुरूम लागतो, बारीक, निसरडा, उतारावर गोट्यांसारखा घरंगळणारा. त्याच्यावर काळा पाषाण, दक्षिणेकडे सातमाळ्याचा आणि उत्तरेला तापीपल्याड सातपुड्याचा. या सगळ्याला छेदून जाणारे डांबरी रस्ते वेगळेच, मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकला की ते दुपारी मऊ पडतात. आणि या सगळ्या जमिनींवर पसरलेला एक मालक आहे, काटा. त्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या मते खान्देशातल्या माणसाने सँडलचा तळ त्याला विचारूनच ठरवावा.

ज्यांनी अशी सँडल, म्हणजे मिनिमलिस्ट सँडल, पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच चवड्यापेक्षा ८ ते १२ मिलिमीटर उंच असते आणि खाली जाड गादी असते. या सँडलमध्ये टाच आणि चवडा एकाच पातळीवर. गादी नाही, तळपायाच्या कमानीला उचलणारा उंचवटा नाही. तळ साधारण ४ ते १० मिलिमीटरचा, हातात धरून सुरळी करता येईल असा. बोटांना पसरायला मोकळी जागा. बाकी मग पट्टे. परदेशी कंपन्यांनी याची मोठी बाजारपेठ उभी केलीय, झीरो शूज आणि लूना ही त्यातली सर्वांत जास्त ऐकू येणारी नावं. ऑनलाइन मागवायला गेलं की किंमत, आयात कर आणि माप चुकलं तर परत पाठवायची कटकट, हे सगळं जमेस धरावं लागतं.

मी ही सँडल पहिल्यांदा मोबाइलच्या पडद्यावर पाहिली तेव्हा ती मला नवी वाटली नाही. माझं माहेर साक्री तालुक्यातलं, भामेरच्या किल्ल्याच्या अंगाचं. ठेलारी मेंढपाळांचे वाडे आमच्या रानात उतरायचे तेव्हा त्यांच्या पायांत टायरच्या वहाणा असायच्या. दिवसभर मेंढरांमागे दगडधोंड्यांतून, बोरी-बाभळींतून ती माणसं चालत. नाना त्यांना वावरात मेंढ्या बसवायला सांगायचे, म्हणजे खत आयतं मिळे, आणि संध्याकाळी ओट्यावर ते चहाला येत तेव्हा वहाणा पायरीखाली काढून ठेवत. मी त्या उचलून पाहायची. जड असत. तळाला गाडीच्या टायरची नक्षी तशीच्या तशी. मायला ते आवडायचं नाही, पण नाना काही म्हणत नसत.

मेक्सिकोच्या चिवावा राज्यातल्या खोल दऱ्यांमध्ये रारामुरी नावाचे आदिवासी राहतात. तेही अशाच टायरच्या तळाला चामड्याची वादी बांधून पळतात, आणि त्यांचं पळणं म्हणजे डोंगरातून मैलोन् मैल. १९९३ साली अमेरिकेच्या कोलोरॅडोतली लेडव्हिलची १०० मैलांची, म्हणजे साधारण १६० किलोमीटरची शर्यत त्यांच्यातल्या व्हिक्टोरियानो चुरो यांनी जिंकली. वय ५५, पायात टायरची सँडल, वेळ २० तासांच्या आसपास. आणि २०१७ मध्ये त्यांच्यातलीच लोरेना रामिरेझ प्युब्ला राज्यातली ५० किलोमीटरची शर्यत बायकांच्या गटात पहिली आली, अंगात त्यांचा पारंपरिक घेरदार पोशाख आणि पायात सँडल. तिचा तो फोटो मी जपून ठेवलाय. खास कपडे, खास बूट, खास पाणी पिण्याची पिशवी यांच्याशिवाय बाईने पळायला निघू नये असं जे एक दडपण आपल्यावर येतं, ते त्या फोटोपुढे टिकत नाही.

जगातली दोन दूरची डोंगराळ माणसं एकाच वस्तूपाशी का आली, याचं उत्तर मला आमच्या गावातल्या मोचीकाकांकडे मिळालं. स्टेशनच्या रस्त्याला त्यांची बैठक आहे. समोर लोखंडी तिवई, एका डब्यात चुका, एका डब्यात मेण लावलेला दोरा, आणि मांडीखाली दाबून धरलेली रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी. मी त्यांना टायरचा तळ कापून द्या म्हटलं आणि गॅरेजमधून मिळालेला एक तुकडा पुढे केला. त्यांनी तो कडेने वाकवून पाहिला, डोळ्याजवळ नेला आणि परत दिला. म्हणाले, “ताई, यामा तार शे. घसाई गयं का पायमा घुसी.” आजकालच्या बहुतेक गाड्यांना रेडियल टायर असतात, त्यांच्या रबराखाली पोलादी तारांची जाळी असते. रबर झिजलं की ती तार वर येते. काकांना हवं होतं नायलॉनचं टायर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं असतं तसं. त्यात पोलाद नसतं, नायलॉनच्या दोऱ्यांचे थर असतात, एकावर एक, तिरके.

ते मिळाल्यावर त्यांनी जे केलं ते मी शेजारी बसून पाहिलं. रापी पाण्यात बुडवली, कारण कोरडी रापी रबरात अडकते. टायरची कड पायाच्या अंगठ्याखाली दाबली आणि नक्षीचा जाड भाग वरून सालासारखा काढत नेला. पाण्याचा थेंब, रापीचा एक ओढा, पुन्हा पाणी. रबराचा काळा कीस त्यांच्या धोतरावर पडत होता. खाली दोऱ्यांचे फिकट थर दिसू लागले तसा त्यांनी हात थांबवला आणि बोटाने दाखवलं, हे ठेवायचं. या थरांवरच सगळं आहे. नुसत्या रबरात काटा शिरतो. दोऱ्यांच्या थरात त्याचं टोक गुंततं, वाकतं किंवा मोडतं. मेंढपाळांच्या जड वहाणेत काटा पोचत नव्हता तो जाडीमुळे तर होताच, पण या थरांमुळे जास्त.

आता काट्याविषयी.

खान्देशातला काटा म्हणजे एक प्रकार नव्हे. बाभळीचा काटा सरळ, पांढुरका, दोन-अडीच इंचांपर्यंत लांब, आणि जोडीने येतो. एक आडवा पडला तरी दुसरा आकाशाकडे तोंड करून उभा राहतो. हिंगणाचा काटा हिरवा असताना दिसत नाही आणि वाळला की खिळा. बोरीचा काटा वाकडा. तो तळात शिरत नाही, बाजूने येऊन पट्ट्याला आणि घोट्याच्या कातडीला धरतो. वेडी बाभूळ गावाच्या कडेला, नाल्याच्या काठाला, पडीक जागेत सगळीकडे. आणि पाऊस सरल्यावर वाळलेल्या गवतात सराटे, जमिनीलगत, पाऊल थोडं तिरकं पडलं की तळ आणि तळपाय यांच्या मध्ये येऊन बसणारे.

एक गोष्ट चालून चालून कळली. काटे रानात सगळीकडे सारखे नसतात. ते बांधाच्या फटीत असतात. शेतकरी वावराला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालतो, दरवर्षी ते बदलतो, फांद्या बैलगाडीने ओढून नेतो. त्यामुळे जिथून बांध ओलांडायला वाट असते, जिथे गाडवाट वळते, तिथेच जुने काटे मातीत अर्धे पुरलेले असतात. पायवाट शोधणारं आपलं पाऊल नेमकं तिथेच जातं. अशा जागी मी पळत असले तरी चालीवर येते.

पातळ रबरात काटा शिरला तर बहुतेक वेळा तो लगेच टोचत नाही, हे त्यातलं सगळ्यात फसवं. टोक तळात मोडून बसतं. वर ठिपक्याएवढंही दिसत नाही. मग किलोमीटरभर गेल्यावर, उतारावर चवड्यावर भार आला की रबर दबतं आणि टोक वर येतं. म्हणून बांध ओलांडून झाला की थांबायचं, सँडल काढून तळ उलटा वाकवायचा आणि अंगठ्याचं बोट वरच्या बाजूने हळू फिरवायचं. वाकवल्यावर रबर ताणलं जातं आणि लपलेलं टोक बोटाला लागतं. खालच्या बाजूला त्याचा बुडखा सापडला तर चिमट्याने सरळ ओढायचा, तिरका ओढला की मोडतो. चिमटा आणि सुई माझ्या कमरेच्या पिशवीत पाण्याच्या आधी जातात. काटा पायातच मोडला तर गावाकडे अजूनही रुईचा चीक लावतात, सुईने अवतीभवती कोरून काढणारी एखादी हाताची हलकी बाई प्रत्येक गल्लीत असते. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र वेळच्या वेळी घेतलेलं असावं, त्याला चीक हा पर्याय नाही.

यावरून माझा हिशेब असा बसला. निव्वळ रबराचा ४-५ मिलिमीटरचा तळ हा डांबरी रस्त्यासाठी, शाळेच्या मैदानासाठी, कॅनॉलच्या झाडलेल्या पाटरस्त्यासाठी. त्यावर पळण्याचा जो आनंद आहे तो खरा आहे, रस्त्यावरचा प्रत्येक खडा पायाला कळतो आणि पाऊल आपोआप हलकं पडायला लागतं. पण वावरातून, बांधांवरून, डोंगरात जायचं असेल तर ८-९ मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, आणि त्यातही दोऱ्यांचा थर असलेला तळ मिळाला तर तोच घ्यावा. कंपन्यांच्या पानांवर ‘जेवढं पातळ तेवढं नैसर्गिक’ असा सूर असतो. ज्यांच्या पायवाटेवर पाइनची पानं आणि मऊ माती आहे त्यांना तो लागू पडत असेल. इथे नाही.

तळ ठरला की लोक सँडल घेऊन टाकतात. मी म्हणेन, निम्मं काम पुढेच आहे, आणि ते पट्ट्यांचं आहे. सँडल पायाला चुकीची बांधली तर चांगला तळही वैरी होतो.

बहुतेक मिनिमलिस्ट सँडलमध्ये अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामधून एक दोरी वर येते, पावलावरून घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या भोकांत जाते आणि टाचेमागून फिरते. पुरुषांनी लिहिलेल्या माहितीत एक अडचण मला कुठेच वाचायला मिळाली नाही, ती जोडव्यांची. शेजारच्या त्या बोटात जोडवी असतात. दोरी आणि जोडवं एकमेकांना घासतात, मध्ये घामाची माती येते, आणि तासाभरात बोटाच्या आतल्या बाजूला कातडी सोलते. आपल्याकडे पहाटे चालायला, पळायला निघणाऱ्या बायका आता कितीतरी आहेत, चाळीसगावच्या मैदानावर तर दिसतातच, आणि त्यातल्या बऱ्याच जणींनी सँडल याच कारणाने सोडली असेल असं मला वाटतं. कुणी जोडवी काढून ठेवतात, कुणाला ते मनाला पटत नाही. दोघींचंही बरोबर आहे. ज्यांना काढायची नाहीत त्यांनी बोटांमधल्या दोरीऐवजी बोटांच्या बुडाशी आडवा पट्टा असलेली रचना घ्यावी, किंवा पळताना सपाट चांदीची बारीक तार असलेली जोडवी घालावीत. मी आडवा पट्टा करून घेतलाय. दोरीइतकी पकड त्यात येत नाही हे खरं, चढावर पाय किंचित सरकतो, पण बोट शाबूत राहतं.

बाजूची भोकं कुठे हवीत हा दुसरा मुद्दा. ती घोट्याच्या हाडाच्या थेट खाली नकोत, थोडी पुढे हवीत. हाडाच्या खाली आली तर पट्टा हाडावर चढतो. फार पुढे गेली तर टाच मागच्या पट्ट्यातून निसटते. काकांना मी कागदावर पाय ठेवून माप दिलं तेव्हा घोट्याच्या हाडाखाली एक खूण केली आणि तिच्यापासून अर्ध्या बोटाने पुढे दुसरी. माप देताना बसून देऊ नये, उभं राहून, सगळा भार त्या पायावर घेऊन द्यावं, कारण भार आला की पाऊल लांबतं आणि रुंदावतं. संध्याकाळी द्यावं, दिवसभर चालून पाय सुजलेला असतो तेव्हा. आणि दोन्ही पायांचं वेगळं द्यावं. बोटांपुढे ५-६ मिलिमीटर जागा पुरे. जास्त ठेवली तर तळाचं टोक दगडाला अडकून आत दुमडतं आणि माणूस तोंडावर येतो.

घट्ट किती बांधावं हे कानाने कळतं. पळताना ‘फटफट’ आवाज येत असेल तर एकतर मागचा पट्टा सैल आहे, नाहीतर पाऊल वरून आपटलं जातंय. पट्टा अर्धा बोट ओढून पुन्हा पळून पाहावं. आवाज तसाच राहिला तर दोष पट्ट्यात नाही, चालीत आहे. मला हे फार उपयोगी वाटतं, कारण अंधाऱ्या पहाटे दुसरा कुठलाच शिक्षक बरोबर नसतो.

पट्ट्याचं साहित्य नायलॉनचं घ्यावं. चामड्याचं दिसतं छान, पायाला लवकर बसतं, पण भिजलं की ताणतं आणि वाळलं की आक्रसतं. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीहून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे चढणाऱ्या वाटेवर पावसाळ्यात पाण्याचे ओहोळ ओलांडावे लागतात. ओल्या पायाने त्या वाटेने खाली उतरताना सँडलची खरी परीक्षा होते. पाय तळावर पुढे घसरतो, बोटं पट्ट्यावर येऊन थडकतात, आणि पाषाणावर शेवाळ असेल तर तळाची पकडही जाते. तिथे वरची बाजू फार गुळगुळीत असलेली कुठलीही सँडल टिकत नाही. काकांनी यावर उपाय केला, वरच्या रबरावर रापीने तिरक्या उथळ रेघा मारल्या, हिऱ्यासारख्या चौकटी पडतील अशा. पाणी त्या रेघांत उतरतं आणि तळपाय टेकून राहतो. तरी उतारावर बोटं आखडून चालू नये. गुडघे थोडे वाकवून, लहान पावलं टाकत, आडवं उतरावं. पाटणादेवीच्या परिसराला भास्कराचार्यांच्या नावाचा वारसा आहे, त्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढल्याचा शिलालेख आहे. मी तिथून जाते तेव्हा दरवेळी मनात येतं, आठशे वर्षांपूर्वी विद्यार्थी त्या डोंगरात कशा वहाणा घालून येत असतील.

काळ्या मातीचं थोडक्यात आटोपते. पेरणीनंतरच्या चिखलात कुठलीच सँडल चालत नाही. खोल नक्षीचा तळ तर मुळीच नाही, त्यात माती भरते, दहा पावलांत प्रत्येक पायाला किलोभर गोळा. उथळ नक्षी असेल तर माती लवकर सुटते. त्या दिवसांत मी सँडल हातात घेऊन सरळ अनवाणी चालते आणि पक्की सडक आली की पाय धुऊन घालते.

आता पायाविषयी, कारण सगळा दोष किंवा सगळं श्रेय चपलेला देऊन चालत नाही. पायात २६ हाडं आहेत. जाड गादीच्या बुटांत वर्षानुवर्षं राहिलेला पाय ती सगळी नीट वापरत नाही. २०१० मध्ये हार्वर्डचे डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. लहानपणापासून अनवाणी पळणारे बरेचदा पावलाच्या पुढच्या किंवा मधल्या भागावर उतरतात, बूट घालणारे बहुधा टाचेवर, आणि पुढे उतरताना जमिनीचा सुरुवातीचा धक्का कमी बसतो, असं त्यात दाखवलं होतं. त्यावरून अनेकांनी बूट फेकले. पण दुखापत कमी होते असं त्या निबंधाने सिद्ध केलेलं नव्हतं. २०१३ साली दुसरा एक अभ्यास आला. दहा आठवड्यांत नेहमीच्या बुटांवरून पाच बोटांच्या पातळ बुटांवर आलेल्या १९ धावकांपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयमध्ये वाढलेली सूज दिसली. मला हे दोन्ही अभ्यास एकाच बाजूचे वाटतात. पाय शिकतो, पण सावकाश शिकतो, आणि हाड स्नायूपेक्षाही सावकाश.

म्हणून ज्या कुणी मला विचारतात त्यांना मी पहिले काही महिने सँडल घालून फक्त चालायला सांगते. बाजारात जा, भाजी आणा, गच्चीवर फिरा. मग चालण्यामध्ये मिनिट-दोन मिनिटांचं पळणं. पोटऱ्या भरून येतील, ते चालेल. टाचेमागची जाड शीर सकाळी उठल्यावर आखडलेली लागली तर मागे यायचं. पावलाच्या वरच्या बाजूला एकाच जागी बोट दाबल्यावर कळ आली तर पळणं बंद, डॉक्टर. आणि ज्यांना साखर आहे, पायाला मुंग्या येतात किंवा टोचलेलं कळत नाही, त्यांनी या वाटेला जाऊच नये. या सँडलचा सगळा भरवसा पायाच्या जाणिवेवर आहे, ती नसेल तर काटा शिरल्याचं संध्याकाळी तळव्यावरच्या रक्ताने कळतं. आमच्या नानांना मी त्याच कारणाने बंद बूट घेऊन दिले.

अनवाणीचा विषय निघाला की खान्देशात वणीच्या वाटेचा विषय निघतोच. चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेला धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पायी जाणाऱ्यांची रांग लागते. देवीचं माहेर खान्देश, असं आपल्याकडे म्हणतात. मालेगाव, कळवण, नांदुरी, आणि मग गड. त्यातले कित्येक जण नवसाचे, अनवाणी. एप्रिलचं डांबर. माझी माय त्या वाटेने अनवाणी गेलेली आहे, आणि तिला चप्पल घाल असं सांगणं माझ्या तोंडून निघालं नाही. तिच्या चालण्याचं माप मिलिमीटरमध्ये निघत नाही. पण मी तिच्याबरोबर चालले तेव्हा एवढं पाहिलं की जुनी माणसं दुपारी चालतच नाहीत. पहाटे तीनला निघायचं, नऊ-दहाला सावली धरायची, ऊन कललं की पुन्हा. आणि डांबराच्या कडेची मातीची पट्टी सोडायची नाही, कारण माती डांबराइतकी तापत नाही. वाटेतल्या गावांत मुक्कामाला गरम पाणी मिळतं, मीठ मिळतं, पाय चेपून देणारी अनोळखी माणसं मिळतात. उन्हातल्या चालीचं वेळापत्रक मी त्या वाटेवर शिकले, आणि सँडल घालणाऱ्यांनाही ते तसंच्या तसं लागू आहे. पातळ रबर डांबराची धग थोपवत नाही, पाच-दहा मिनिटं उशिरा पोचवते एवढंच.

पावसाळ्यात, अंधारात, उंच गवतात सँडल नको. फुरसं आणि घोणस हे दोन्ही विषारी साप आपल्या डोंगरात आहेत. दिवाळीच्या सुमारास अस्तंभ्याच्या यात्रेला सातपुड्यात रात्रीची चढाई करतात, तिथेही वाट मळलेली आणि माणसांची वर्दळ असते म्हणून चालतं. एकट्यादुकट्याने तशा वाटेला पाय उघडे ठेवून जाण्यात शौर्य नाही.

टाचांच्या भेगा हा मात्र सँडलने दिलेला त्रास, आणि इथल्या कोरड्या हवेने तो वाढतो. मोकळी टाच दिवसभर धूळ खाते. रात्री कोमट पाण्यात पाय, दगडाने हलकं घासणं, वर कोकम तेल आणि जुने सुती मोजे. आठवडाभर नेमाने केलं तर भेग भरते. भेग खोल गेली की पळताना ती उघडते, तेव्हा आधीच जपावं.

परवा जाऊबाईंनी त्यांच्यासाठी जोड करून मागितला. नवरात्रात त्या घरून पाटणादेवीला पायी जातात, पहाटे निघून, आणि येताना गाडीने. निम्मी वाट डांबरी, पुढे मुरूम, देवळाजवळ दगड. संध्याकाळी त्यांना अंगणात कागदावर उभं करून दोन्ही पायांचं माप घेतलं, उजवं पाऊल डाव्यापेक्षा किंचित मोठं निघालं. ट्रॉलीच्या टायरचा तळ, ९ मिलिमीटर, दोऱ्यांचे थर ठेवून. जोडवी आहेत म्हणून बोटांमध्ये दोरी नको, आडवा पट्टा. मागचा पट्टा बकलाचा, म्हणजे पाय सुजला की सैल करता येईल. वरच्या बाजूला रेघा. काकांनी कागद घडी करून टोपीत ठेवला आणि चालणं अजून किती लांब आहे ते विचारलं. सव्वा महिना, म्हटल्यावर म्हणाले, बाजारानंतर या, मग घालून रोज थोडं थोडं चालू द्या त्यांना, एकदम त्याच दिवशी नको.